पाण्याच्या टबात चतुरची पिल्लं सापडली आहेत. ठेवू की काढू?

कुमुदिनी

नमस्कार मंडळी. एका मोठ्या काळ्या टबात मी वॉटर लिली लावली आहे, सोबत थोडं हायड्रिला आणि गप्पी मासे. काल पिवळी पडलेली पानं काढायला हात घातला तर बुडाशी गाळात काहीतरी हललं. गाळणीने उपसून पांढऱ्या वाडग्यात घेतलं. बोटाच्या पेराएवढा किडा, रंग गाळाचाच. सहा पाय, डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांना मोठाले डोळे, पोट रुंद आणि त्याच्या टोकाला काटे. पाठीवर चार चपट्या पट्ट्या, पंख फुटू लागल्यासारख्या. काडी लावली तर पाय अंगालगत घेऊन सर्रकन पुढे सटकला. पाय न मारता एवढा वेग कुठून आला ते कळलं नाही.

शोधत गेले तर असे बरेच निघाले, लहानमोठे. त्यांच्यात काही वेगळेही आहेत. बारीक, हिरवट, शेपटीला तीन पिसं असलेले.

गप्पींची पिल्लं हल्ली टिकत नाहीयेत. मोठे गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात हे ठाऊक आहे, म्हणून तर दाट हायड्रिला ठेवलं आहे. पण आज गाळणीतून गप्पीचं एक पिल्लू वाडग्यात आलं आणि मग जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. किडा जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्याखालून काहीतरी बाहेर आलं, पिल्लाला धरलं आणि परत आत गेलं. पापणी लवायच्या आत. मग तो शांतपणे चावत बसला.

ही चतुरची पिल्लं असावीत असं वाटतं, कारण लिलीच्या कळीवर एक लालभडक चतुर रोज येऊन बसतो आणि एका पिवळसर मादीला पाण्याला शेपूट लावताना मी पाहिलं आहे. मासेही हवेत आणि चतुरही मनापासून आवडतात. मग यांना ठेवू की काढू? हाताला चावतात का? किती दिवस पाण्यात राहतील? आणि ते तोंडातून बाहेर आलं ते नेमकं काय?

रंगीत_मासे

चतुरचीच पिल्लं आहेत. मासे महत्त्वाचे असतील तर आजच काढा. मोठं झालेलं पिल्लू गप्पीच्या पूर्ण वाढलेल्या नरालाही सोडत नाही, माझ्या टाकीत हे घडलेलं आहे. नवीन पाणवनस्पती आणली की देठांना चिकटून अंडी येतात, तेव्हा पुढच्या वेळी वनस्पती काही दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून मगच टबात सोडा. उघड्यावरच्या टबाला मात्र याचा उपयोग नाही, तिथे मादी वरूनच येते.

तळ्याकाठी

कुमुदिनीताई, रुंद पोटाची आहेत ती चतुरची आणि तीन पिसांची बारीक आहेत ती टाचणीची, म्हणजे चतुरच्याच नात्यातल्या सडपातळ किड्याची. दोघांचा गण एकच, ओडोनाटा. जगभरात मिळून सहा हजारांहून अधिक जाती आहेत. एका बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साठून तळं झालंय, तिथे मी वर्षानुवर्षं हेच बघत आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. कृपया घाईने काही फेकू नका.

तोंडातून बाहेर आला तो त्याचा खालचा ओठ. एखादं पिल्लू वाडग्यात उताणं झालं तर नीट बघा. ओठाला मध्ये सांधा असतो आणि तो दुमडून डोक्याखाली, पुढच्या पायांच्या मधोमध ठेवलेला असतो. टोकाला दोन आकडे. लाल चतुरच्या कुळात हा ओठ चमच्यासारखा खोलगट असतो आणि मिटला की अर्धा चेहरा झाकतो, म्हणून त्याला मुखवटाही म्हणतात. सावज टप्प्यात आलं की सांधा उघडतो, आकडे मिटतात, ओठ परत जबड्याशी. सगळं मिळून सेकंदाचे काही शतांश भाग. पूर्वी असं मानत की पोटातल्या पाण्याचा दाब हा ओठ ढकलतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की स्नायू आधीच ताण साठवून ठेवतात आणि खटका सुटला की तो ताण एकदम मोकळा होतो. नुसत्या स्नायूच्या आकुंचनाने एवढी गती येत नाही.

तुम्हाला चकित करणाऱ्या त्या सटकण्याचं उत्तर दुसऱ्या टोकाला आहे. चतुरच्या पिल्लाचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या भागात, आतल्या बाजूला असतात. गुदद्वारातून पाणी आत घ्यायचं, त्यातला ऑक्सिजन शोषायचा, पाणी बाहेर सोडायचं, हा त्याचा श्वास. धोका वाटला की तेच पाणी जोरात मागे फेकतं आणि अंग पुढे जातं. खात्री करायची असेल तर पसरट बशीत जेमतेम अंग बुडेल एवढं पाणी घ्या, पिल्लू ठेवा आणि शेपटीमागे गाळाचे दोन-चार कण सोडा. कण लयीत आत ओढले जातील, बाहेर ढकलले जातील. टाचणीच्या पिल्लाकडे ही सोय नाही. तिची तीन पिसं म्हणजेच तिचे बाहेरचे कल्ले. ती शरीर डावीउजवीकडे वळवत पोहते. पिसं नाजूक असतात, गाळणीने उचलताना तुटू शकतात. तुटलं तर बहुतेकदा पुढच्या कातीबरोबर पुन्हा येतं.

हाताला चावतं का? दाबून धरलं तर चिमटा काढल्यासारखं वाटेल, त्यापलीकडे काही नाही. विष नाही, नांगी नाही. मोठ्या चतुरलाही नांगी नसते. शेपटीच्या टोकाला दिसतात ती नराची मादीला धरायची अंगं.

आता किती दिवस. हे जात आणि पाण्याचं तापमान यावर ठरतं. पावसाळी डबक्यात वाढणारा पँटाला फ्लेव्हेसन्स या जातीचा चतुर अंड्यापासून दीड-दोन महिन्यांत उडायला लागतो, कारण डबकं आटायच्या आत त्याला निघायचं असतं. थंड ओढ्यांतल्या काही जातींची पिल्लं काही वर्षं पाण्यात काढतात, आणि हिमालयातल्या एपिओफ्लेबिया लेडलॉई या जुन्या वंशाच्या जातीला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. दरम्यान दहा-बारा वेळा कात टाकली जाते, जातीप्रमाणे थोडं कमीजास्त. आणि एवढं सगळं झाल्यावर हवेतलं आयुष्य बहुतेकांच्या वाट्याला काही आठवड्यांचंच येतं. आपण ज्याला चतुर म्हणून ओळखतो ते या प्राण्याच्या आयुष्याचं शेवटचं प्रकरण आहे. बाकी सगळा चतुर तुमच्या टबातल्या गाळात आहे. म्हणून ‘चतुर आवडतात, पिल्लं नकोत’ हे जमणारं नाही.

काय करायचं ते सांगतो. दुसरं भांडं घ्या, रुंद तोंडाचं, फूटभर खोल पुरे. टबातलंच पाणी, थोडा गाळ, हायड्रिलाच्या काही काड्या. नळाचं ताजं पाणी थेट ओतू नका. पिल्लं एकमेकांना खातात, त्यामुळे सारख्या आकाराची एकत्र ठेवा आणि दडायला भरपूर काड्या द्या. त्यांना हलतं खाणं लागतं. डासांच्या अळ्या उत्तम, गांडुळाचे बारीक तुकडे चिमट्याने हलवून दिले तरी घेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यातून वर येणाऱ्या खरबरीत काड्या उभ्या करा, पाण्याबाहेर हातभर तरी. बांबूची काडी, सुकलेला लव्हाळ्याचा देठ, काहीही चालेल. गुळगुळीत प्लास्टिक नको, पाय रोवत नाहीत आणि पिल्लू ऐन वेळी खाली पडतं.

निघायची वेळ जवळ आली की ओळखू येते. पाठीवरच्या पट्ट्या फुगतात, खाणं बंद होतं, ते पृष्ठभागाशी येऊन डोकं आणि छाती पाण्याबाहेर काढून बसू लागतं. या काळात मुखवटा आतून रिकामा होत असतो, कारण आतल्या चतुरला एवढा लांब ओठ नसतो. तो या दिवसांत शिकार करूच शकत नाही. त्याला हलवू नका.

कुमुदिनी

तळ्याकाठी दादा, इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. बशीतला प्रयोग केला. कण खरंच आतबाहेर होतात, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. वेगळं भांडं मांडलंय, बांबूच्या काड्या रोवल्या आहेत.

एक बाजूचा प्रश्न. आमच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर दुपारी एक चतुर सारखा शेपूट टेकवत होता, पाण्यावर करतात तसंच. तिथे पाण्याचा थेंबही नव्हता. असं का करतो?

ध्रुवतारा

याचं उत्तर मी देतो, प्रकाशशास्त्र शिकवतो म्हणून.

पाण्याच्या आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश बऱ्याच अंशी ध्रुवित होतो, म्हणजे त्याचं कंपन मुख्यतः आडव्या दिशेत होतं. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, चतुरच्या डोळ्यांना कळतो. लांबून पाणी शोधताना त्याची ही सर्वांत विश्वासाची खूण. काळा, चकचकीत, आडवा पृष्ठभाग हाच आडवा ध्रुवित प्रकाश परत पाठवतो, आणि कितीतरी वेळा पाण्यापेक्षाही जास्त शुद्ध स्वरूपात. त्यामुळे चतुरला बॉनेट हे पाण्याहून जास्त पाणी वाटतं.

हंगेरीतले गाबोर होर्वाथ आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करत आले आहेत. 2006 मध्ये त्यांनी दाखवलं की काळ्या आणि लाल गाड्यांकडे पाणकीटक ओढले जातात, पांढऱ्या गाड्यांकडे फारसे नाहीत. 2007 मध्ये त्यांनी दफनभूमीतल्या काळ्या घोटीव दगडांभोवती घुटमळणाऱ्या चतुरांची नोंद प्रसिद्ध केली. नर त्या दगडांजवळ हद्द राखून बसत होते आणि जोड्या अंडी घालायच्या हालचाली करत होत्या. उघड्यावर साठलेलं तेल तर जीवच घेतं, कारण तिथे टेकलेला कीटक चिकटून राहतो.

बॉनेटवर घातलेली अंडी उन्हात वाया जातात. रंगावर डागही पडू शकतो, ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्या. गाडीवर फिकट रंगाचं बिनचमकीचं कापड टाकलंत तरी आकर्षण जातं, चमक मोडली की ध्रुवण मोडतं.

तळ्याकाठी

ध्रुवतारा यांनी फार नेमकं सांगितलं. त्यात एवढंच घालतो की तुमचा टब काळा आहे, आणि तो चतुरांना इतका आवडण्यात त्या काळ्या बुडाचा वाटा आहे.

रानपाखरू

धागा वाचतेय, एक वेगळा प्रश्न विचारू का? पाऊस ओसरायला लागला की मोकळ्या मैदानावर शेकडो पिवळसर चतुर घिरट्या घालताना दिसतात. बसत नाहीत, नुसते उडत राहतात. काही दिवसांनी एकही नसतो. हे कुठे जातात?

तळ्याकाठी

बहुधा तोच पँटाला फ्लेव्हेसन्स. त्याच्या मागच्या पंखाचा बुंधा खूप रुंद असतो, त्यामुळे तो पंख फार न हलवता तरंगत राहू शकतो. उडता उडताच खातो. बसलाच तर फांदीला लोंबकळून.

मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की तिथे दर वर्षी ऑक्टोबरपासून चतुरांचे थवे उतरतात, नोव्हेंबर-डिसेंबरात सर्वाधिक. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, म्हणजे इतके चतुर तिथे वाढूच शकत नाहीत. ते समुद्रावरून आलेले असणार. अँडरसन यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून 2009 साली मांडलं की हे थवे भारताकडून निघून मालदीव, सेशेल्स अशी बेटं ओलांडत पूर्व आफ्रिकेत पोचतात. खालचा वारा त्या सुमारास उलटा असतो, पण हजार मीटरच्या वर ईशान्येकडून वाहणारा वारा मिळतो आणि तोच त्यांना पुढे नेतो. जिथे पाऊस तिथे डबकी, जिथे डबकी तिथे अंडी. परतीचा प्रवास पुढच्या पिढ्या करतात. अँडरसन यांच्या अंदाजाने संपूर्ण फेरी 14,000 ते 18,000 किलोमीटरची आणि चार पिढ्यांची. पुढे 2012 मध्ये मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमीजास्त वजनाच्या अणूंवरून, दिसलं की त्यांचं बालपण उत्तर भारतात किंवा त्याही पलीकडच्या पाण्यात गेलं असावं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट अंतर वाटत नाही. जो चतुर निघतो तो ही वाट कधी गेलेला नसतो आणि जो परत येतो तोही नाही. शिकवायला कुणी मागे नसतं. पॅसिफिकच्या मधोमध असलेल्या ईस्टर बेटावर चतुरची एकच जात आहे, ती हीच.

कुमुदिनी

अपडेट! काल रात्री एक पिल्लू काडीवर चढलं. टॉर्चला लाल कागद गुंडाळून शेवटपर्यंत बसले होते. पाठ मध्यावर चिरली आणि फिकट हिरवा चतुर हळूहळू बाहेर आला. पण अर्ध्यावर येऊन तो मागे उलटा लोंबकळला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. मला वाटलं मेला. हात लावायचा मोह आवरला. मग एकदम वर उसळून त्याने स्वतःचीच कात पकडली आणि बाकीचं पोट ओढून काढलं. पहाटेपर्यंत पंख पूर्ण उघडले होते.

दुसरं एक आज पहाटे निघालं, पण त्याचा एक पंख वाकडाच राहिला. माझ्या काड्या फार जवळजवळ होत्या का? याला काही करता येईल का? आणि ते लोंबकळणं काय होतं? कातीतून पांढरे धागे बाहेर आलेत तेही कळले नाहीत.

तळ्याकाठी

लोंबकळणं म्हणजे पाय वाळायची वाट बघणं. बाहेर आलेले पाय तेव्हा मऊ असतात, त्यांच्यावर अंगाचा भार पेलत नाही. शेपटीचं टोक अजून कातीत अडकलेलं असतं, त्याच आधारावर तो अर्धा तास किंवा अधिक लटकून राहतो. पाय कडक झाले की उसळी. त्या वेळी हात लावला असता तर तो गेला असता, तुम्ही आवरलंत हे फार चांगलं केलंत.

पांढरे धागे म्हणजे श्वासनलिकांची आतली अस्तरं. नुसती बाहेरची कातडी नाही, श्वासाच्या नळ्यांचीही कात पडते. भिंग असेल तर धाग्यावर बारीक आडवी वळणं दिसतील.

पुढचा टप्पा परत बघायला मिळाला तर पंखांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला ते चुरगळलेले, दुधी. शरीरातला द्रव शिरांमधून पंखांत ढकलला जातो आणि ते बुंध्याकडून टोकाकडे उलगडत जातात. पंख पुरे झाले की तोच द्रव पोटाकडे वळतो, आखूड जाडसर पोट लांब आणि सडपातळ होतं. शेवटी शेपटीच्या टोकातून स्वच्छ पाण्याचे थेंब पडतात, नको असलेलं पाणी बाहेर टाकलं जातं. तोवर पंख पाठीवर मिटलेले असतात. उडण्याच्या थोडं आधी ते एकदम आडवे उघडतात, आणि चतुर पुन्हा कधी ते पाठीवर तसे मिटत नाही.

वाकड्या पंखाचं काही करता येत नाही. पंख ओला असताना वाऱ्याने काडीला टेकला, पावसाचा थेंब बसला, मुंगी आली, शेजारून दुसरं पिल्लू चढताना पाय लागला, की त्याच आकारात तो वाळतो. एकदा वाळलेला पंख दुरुस्त होत नाही, कारण त्यानंतर कात टाकणं नाही. निसर्गात या काही तासांतच पुष्कळ मरतात. त्याला कुंडीतल्या झाडावर सावलीत ठेवा. काड्यांमध्ये मात्र वीतभर अंतर करा आणि भांडं मुंग्यांच्या वाटेपासून दूर ठेवा.

निघालेला चतुर लगेच पाण्यावर परत आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पहिले काही दिवस, काही जातींत काही आठवडे, तो पाण्यापासून दूर राहून खातो, रंग पक्का करतो. तुमचा लाल नरही निघताना पिवळाच होता. र्यो फुताहाशी या जपानी संशोधकाने 2012 मध्ये दाखवलं की त्वचेखालचं रंगद्रव्य तेच राहतं, फक्त त्याचं रासायनिक रूप बदलतं आणि पिवळ्याचं लाल होतं. पिवळ्या चतुरला क जीवनसत्त्व टोचलं तर तोही लालसर झाला.

रानपाखरू

आणि तो लाल नर कळीवर बसून दिवसभर करतो काय? उडतो, परत तिथेच.

तळ्याकाठी

दोन कामं. पहिलं शिकार. डास, चिलटं, माशी, फुलपाखरू, स्वतःहून लहान चतुर, काहीही. प्रयोगांत चतुरने झेप घेतलेल्या सावजांपैकी दहातली नऊहून अधिक त्याच्या हाती लागलेली दिसली आहेत. सिंहालाही हे जमत नाही. कारण तो सावजाच्या मागे लागत नाही. सावज थोड्या वेळाने जिथे असेल त्या जागेकडे जातो आणि खालून येतो. डोकं मात्र सावजावर रोखलेलं ठेवतो, उडताना शरीर कितीही वळलं तरी. चारही पंखांना आपापले स्नायू थेट जोडलेले आहेत, म्हणून पुढची जोडी आणि मागची जोडी वेगवेगळ्या तालात हलू शकते. तो जागीच थांबतो, आडवा सरकतो, मागेही जातो.

दुसरं काम हद्द राखणं. तेवढा टब त्याचा. दुसरा नर आला की हाकलतो, मादी आली की धरतो. चतुर धरतो डोक्याला, टाचणीचा नर धरतो मानेमागे. नराचं बीज पोटाच्या नवव्या खंडात तयार असतं, पण समागमाचं अंग दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली, म्हणजे छातीजवळ. त्यामुळे तो आधी पोट वाकवून बीज पुढे आणून ठेवतो. मग मादी आपलं शेपूट तिथे जोडते आणि जोडीचा तो बंद वळसा तयार होतो, जो तुम्ही सगळ्यांनी कधीतरी बोरूवर बसलेला पाहिला असेल. 1979 साली जोनाथन वाग यांनी अमेरिकेतल्या कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीवर दाखवलं की नर त्याच अंगाने आधीच्या नराचं बीज खरवडून काढतो आणि मगच स्वतःचं ठेवतो. एकदा हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. मादी अंडी घालेपर्यंत नर तिला सोडत का नाही, किंवा तिच्यावर घिरट्या का घालत राहतो, ते यामुळेच. तो मधेच निघून गेला तर दुसरा येऊन सगळं पुसून टाकेल.

माद्यांकडेही उपाय आहेत. स्वित्झर्लंडमधल्या आल्प्समध्ये रसिम खलीफा यांनी ईश्ना जन्सिया या जातीच्या माद्या अंडी घालून परतताना पाहिल्या. नर मागे लागला की मादी हवेतून सरळ खाली कोसळते आणि गवतात उताणी, निश्चल पडून राहते. नर गेला की उडून जाते. ही नोंद 2017 ची.

रंगीत_मासे

मी आधी काढा म्हणालो होतो, तळ्याकाठींचं वेगळ्या भांड्याचं सुचवणं जास्त बरं वाटलं. टबातले गप्पी खूप वाढले तर जवळच्या तळ्यात सोडले तर चालतील का? डासही कमी होतील आणि पिल्लंही वाचतील.

तळ्याकाठी

नका सोडू, अगदी मनापासून विनंती. गप्पी बाहेरून आणलेला मासा आहे. तो अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं खातो. हवाई बेटांवर मेगालॅग्रिऑन या टाचण्या जगात फक्त तिथेच होत्या, डासांसाठी म्हणून आणि हौसेने सोडलेल्या गप्पीच्या कुळातल्या माशांनी सखल भागातल्या ओढ्यांमधून त्यांच्या काही जाती नाहीशा केल्या. जिथे मासे पोचले नाहीत तिथेच त्या राहिल्या. जादा गप्पी दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तळ्यात डासांच्या अळ्या खायला चतुरची पिल्लं, पाणढेकूण, देशी मासे आधीच असतात, त्यांना तेवढं पाणी शाबूत मिळालं पाहिजे. 2021 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेने चतुर-टाचण्यांच्या 6,016 जातींचा आढावा घेतला तेव्हा 16 टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात निघाल्या, आणि मोठं कारण ओलसर जागा नाहीशा होणं हेच होतं.

कुमुदिनी

ठरलं. टबात मासे, भांड्यात चतुर आणि टाचण्या. लिलीखालचा गाळ आता महिन्यातून एकदाच, तोही चाळून. काढलेल्या काती कुठे ठेवू? फेकवत नाहीत.

तळ्याकाठी

अजिबात फेकू नका. पूर्ण वाळू द्या, ओल्या ठेवल्या तर बुरशी येते. छोट्या डबीत कापूस न घालता ठेवा, पाय कापसात अडकून तुटतात. चिठ्ठीवर तारीख, काडीवर पाण्यापासून किती उंच सापडली, आणि त्याच दिवशी शेजारी कोणता चतुर दिसला ते लिहा. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, पण कात सापडली की ती जात याच पाण्यात वाढली हे नक्की होतं, म्हणून अभ्यासाला कातीची नोंद जास्त मोलाची.

ओळखायला सुरुवात ओठापासून करा. कात कडक झाली असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, मग सुईने ओठ हलकेच पुढे ओढा. खोलगट निघाला तर तुमच्या लाल चतुरचं किंवा पँटालाचं कुळ. सपाट निघाला तर बहुधा ईश्नाच्या कुळातला मोठा चतुर किंवा गोम्फिड या दुसऱ्या कुळातला, तेव्हा मिशांकडे बघा, बारीक धाग्यासारख्या की आखूड आणि जाड. नंतर पोटाच्या पाठीवरचे आणि शेवटाकडच्या खंडांच्या कडेचे काटे मोजा. फोटो इथे टाकणार असाल तर तीन हवेत, वरून, बाजूने आणि ओठ वर ठेवून खालून, शेजारी पट्टी ठेवून.